हजेरीमामांची माणसं

हजेरीमामांना माणूस चेहऱ्यावरून पटकन ओळखू यायचा नाही. समोर उभं राहून नमस्कार केला तरी ते चष्म्याच्या वरून बघत राहायचे आणि मग एकदम म्हणायचे, "हां, सहा एकोणपन्नास ना तू?" आमची पहिली पाळी सातची, आणि कारखान्यातला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी तो गेटातून आत शिरायची वेळ होता. मी सहा चौतीस होते. एकदा मामा महाडच्या बाजारपेठेत भाजी घेताना भेटले, तेव्हा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ही आमची सहा चौतीस." आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. ते घरी येईपर्यंत विचारत होते, "कुठली गाडी गं ही सहा चौतीसची? माझ्या वेळी नव्हती."

महाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या केमिकलच्या कारखान्यात मामा टाइम ऑफिसात होते, म्हणजे गेटाला लागून जी खिडकी असते तिच्या आत. हजेरी, रजा, दांडी, उशीर, सगळं त्यांच्याकडे, म्हणून हजेरीमामा. राहायला पोलादपूरकडे कापड्याला. घरची भातशेती होती, आणि वर्षाची सगळी रजा ते लावणीला आणि कापणीला वापरायचे. पुढे बोट लावायचं मशीन आलं, तरी ते आपली जाड वही शेजारी उघडी ठेवून बसायचेच. साहेबांनी विचारलं, आता वही कशाला? तर म्हणाले, "मशीन माणूस आला ते सांगतं. कसा आला ते सांगत नाय."

मी पॅकिंगमध्ये. ड्रम भरून आला की त्यावर लेबल चिकटवायचं, नंबर घालायचा, पुढे ढकलायचा. शिक्षण सातवी. बाकी जे काही डोक्यात आहे ते वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि वाचनालयाची पुस्तकं वाचून आलेलं आहे, त्यामुळे त्याला शेंडाबुडखा नाही. पण बोलायला मला विषय कमी पडत नाही, हे माझ्या ओळखीचे सगळे सांगतील. सांगतातच. न विचारता सांगतात.

तर एके वर्षी कंपनीने ठरवलं, की डोंगरातल्या वाड्यांवरून महाडला शिकायला आलेली दहावी-बारावीची मुलं आहेत, त्यांच्यासाठी कामगारांनी रविवारचे दोन तास द्यावेत. एकेका मुलामागे एकेक माणूस. नोटीस बोर्डावर रंगीत पोस्टर लागलं, त्यावर 'मेंटॉर बना' असं लिहिलेलं. येणाऱ्याला टी-शर्ट फुकट. पहिल्या रविवारी स्टँडच्या मागच्या शाळेत माणूस मावेना. फोटो निघाले. दुसऱ्या रविवारी तिघं आले, त्यातला एक टी-शर्टची साइज बदलून मागायला आला होता. साहेब तरुण पोरगा होता, रडकुंडीला आला. कोणीतरी त्याला सांगितलं, मामांना विचारा, त्यांना सगळ्या कारखान्याच्या वेळा पाठ आहेत.

मामांनी पहिलं काय केलं, तर ते पोस्टर काढून त्याचं वहीला कव्हर घातलं. मग एक महिना नुसतं बघत बसले. साहेब रोज विचारायचा, "मामा, किती झाले?" मामा म्हणायचे, "बघतोय." ते बघत होते लवकर येणाऱ्यांना. त्यांचं एक गणित होतं. "सातच्या पाळीला सहा अठ्ठावन्नला येतो तो कामाला येतो. सहा चाळीसच्या आत जो येतो, त्याला घरात करमत नाय, नायतर त्याच्याजवळ काय तरी उरलेलं हाय. अशा माणसाला काम द्यावं." उशिरा येणाऱ्यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. त्यांच्या मागे पुष्कळ व्याप असतात म्हणायचे.

माझ्यापाशी आले ते गेटावर, मी वॉचमनला माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होते तेव्हा. "बाय, रविवारी दहाला शाळेत ये. बारावीची पोरगी हाय, कुडपणची. वसतिगृहात राहते."

मी म्हटलं, "मामा, मी सातवी पास. बारावी सायन्सला मी काय शिकवू?"

"शिकवायला सर हायत. तू जवळ बस. पोरीच्या बाजूला आपलं माणूस असलं पायजे."

"पण माझीच निवड का केलीत?" हे मी उगाच विचारलं. मला ऐकायचं होतं की बाई, तुमच्याइतकं अनुभवी माणूस आख्ख्या कारखान्यात नाही.

"तू रोज पंचवीस मिनटं लवकर येतेस आन् ह्या वॉचमनला पिडतेस. त्यानं अर्ज केलाय."

वॉचमनने मान खाली घातली. अर्ज खरंच केला होता की काय, ते मला अजून माहीत नाही.

अशी त्यांनी बारा-पंधरा माणसं जमवली. टिकवायची त्यांची पद्धतही न्यारी होती. शाबासकी नाही, सर्टिफिकेट नाही. साहेबाने सर्टिफिकेटं छापून आणली, तर म्हणाले, "ठेवा तुमच्याकडं. कागद मिळाला की माणसाला वाटतं काम झालं." एखादा रविवारी आला नाही तर रागवायचेही नाहीत. सोमवारी तो बोट लावायला खिडकीशी आला की वहीत बघत बघत म्हणायचे, "काल तुजं पोरगं दोन तास बाकावर बसलं होतं. मी सांगितलं, येतील." एवढंच. आमचा बॉयलरवाला, मिशीवाला दांडगा गडी, हे ऐकून एकदा गेटातून परत फिरला आणि आधी वसतिगृहावर जाऊन पोराला भेटून आला. त्या दिवशी त्याचा अर्धाच दिवस भरला. उरलेला अर्धा मामांनीच कापला.

माझा मात्र एकही रविवार चुकला नाही. माझी अडचण दुसरीच होती.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी अंकिता. सावळी, काटक, दोन वेण्या, आणि शब्द मोजून वापरणारी. मी तिला दोन तास सोडायचे नाही. माझं लग्न कसं झालं, सासूने कसं छळलं, मी कसं वाचत गेले, सावित्रीच्या पुरात आमचं कपाट कसं वाहून गेलं आणि त्यातलं फक्त लोणच्याचं भांडं कसं परत मिळालं, सगळं सांगितलं. ती मान डोलवायची. मला वाटायचं, पोरगी घडतेय. दर सोमवारी खिडकीशी मामा विचारायचे, "काल पोरगी काय बोलली?"

मी सांगायचे, "मी तिला म्हटलं, की अंकिता, जिद्द पाहिजे."

"ते तू बोललीस. पोरगी काय बोलली?"

"ती हो म्हणाली."

मामा वहीत काहीतरी लिहायचे. मला वाटायचं, माझं कौतुक लिहितायत.

अंकिता बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि तिच्या मनात काय आहे ते पहिल्यांदा तिने सांगितलं, तेही मी पाणी पीत होते म्हणून. तिला केमिकलचा डिप्लोमा करायचा होता. दोन वर्षांचा, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. फॉर्म ऑनलाइन भरून झाला होता. मूळ कागद नेऊन दाखवायचे राहिले होते, आणि ते कागद कुडपणला तिच्या वडिलांच्या ट्रंकेत होते. वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मी म्हटलं, "बोलून मोकळं करू. मी येते तुझ्या घरी."

मामांना मी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात, असं वाटलं. आता ऐका मी काय केलं ते. कुडपण लांब, डोंगरावर, गाड्या कमी. म्हणून आमच्या संदेशला म्हटलं, मित्राची गाडी आण. संदेश आमचा मुलगा, सव्वीस वर्षांचा, मोबाइल टॉवरच्या कंपनीत, लग्नाचा. घाटात गाडी चालवायची म्हणून त्याला सूचना द्यायला आमचे हे. पहिल्यांदा जातोय तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून महाडहून पेढे. मी ठेवणीतली जांभळी साडी नेसले. संदेशला म्हटलं, तो चुरगळलेला शर्ट काढ, लोकांच्या घरी जातोय. त्याने नवा इस्त्रीचा घातला.

आई, बाप, लग्नाचा मुलगा आणि पेढ्यांचा पुडा. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

काय ते स्वागत! ओटीवर सतरंजी, पाय धुवायला गरम पाणी, कांदेपोहे, वर खोबरं. वाडीतल्या सगळ्या बायका दाराशी. मला वाटलं, शिक्षणाला काय मान आहे ह्या लोकांत! अंकिता ट्रे घेऊन आली, कोणीतरी तिला साडी नेसवली होती. मी म्हटलं, किती गोड दिसतेस, आणि बोलता बोलता विचारलं, "भाकऱ्या येतात ना गं थापता?" ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या वडिलांनी आमच्या ह्यांना विचारलं, "पावणं, देवक काय तुमचं?" ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आमचं कळंब." आणि मग देवक म्हणजे काय, आमच्या माहेरचं कुठलं, कळंबाच्या फांदीला पूर्वी कसं पूजत, ह्यावर मी बराच वेळ बोलले. दोन्हीकडचं देवक एक असलं की लग्न जुळत नाही, म्हणून ते विचारतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच चार लग्नं जमवलेली बाई. पण मी बोलत होते ना. बोलत असताना मला ऐकू येत नाही.

"आमचं पंचपल्लव," वडील म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे खुलले.

मग मी मुद्द्यावर आले. "मुलीला पुढे शिकवायचं बरं का."

"तुमी म्हणाल तसं," वडील हात जोडून म्हणाले. "आता ती तुमचीच हाय."

बघा, मी मनात म्हटलं, वर्षभर मामा 'पोरगी काय बोलली' एवढंच विचारत राहिले, आणि मी बोलले तर एका बैठकीत काम झालं. त्या आनंदात मी कळस चढवला. निघताना अंकिताला समोर उभं केलं, बारावीला एवढे मार्क पडले म्हणून कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्या वाडीसमोर तिला पेढा भरवला.

पुढच्या रविवारी अंकिता आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन लागेना. मी सगळ्यांना सांगत होते, घरच्यांनी अडवलं असेल हो, डोंगरातली माणसं, त्यांना शिक्षणाचं महत्त्व नाही.

त्या गुरुवारी मामांनी मला पॅकिंगमधून बोलावून घेतलं. खिडकीपाशी एक गृहस्थ उभे होते, पांढरे बूट, गळ्यात मोबाइल. अंकिताचे काका, मुंबईला सिक्युरिटीत सुपरवायझर. मला बघून त्यांनी वाकून नमस्कार केला.

"काकी, फॅमिली आपल्याला पसंत हाय. डीसेंट हाय. फक्त मुलाचं ते टॉवरवरच्या नाइट ड्यूटीचं काय ते क्लिअर करा. बाकी श्रावणाच्या आधी उरकून टाकू, टेन्शन नाय."

मी म्हटलं, "काय उरकायचं?"

"लगीन."

मी मामांकडे बघितलं. मामा वहीकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून अक्षर फुटेना. मामाच म्हणाले, "रविवारी येतो आमी वर. बोलू." काका गेले. मग मामांनी मला सगळं विचारलं, गाडीपासून पेढ्यापर्यंत. मी सांगत गेले आणि सांगता सांगता माझं मलाच दिसत गेलं. कुंकवाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"कपाळाला?"

"कपाळाला."

"वाडीसमोर?"

"सगळ्या."

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी एक वाटलं ते सांगते. वाटलं, मग होऊन जाऊ दे की. पोरगी चांगली आहे, देवक जुळतंय, संदेशचंही करायचंच आहे. लग्नानंतर शिकेल. मी तोंडाने बोललेसुद्धा, "नाहीतरी मुलगी मला आवडते."

मामांचा आवाज कधी चढायचा नाही. तेव्हाही चढला नाही. "बाय, पोरगी तुला सोबतीला दिली होती. न्यायला नाय."

मी म्हटलं, जाऊन सांगते की गैरसमज झाला. तर म्हणाले, तसं केलंस तर वाडी म्हणेल कुंकू लावून पोरगी टाकली, तिच्यात काहीतरी खोट असणार. मग बाप घाबरून येईल ते स्थळ बघेल आणि डिप्लोमा कायमचा गेला. कागद दाखवायची मुदत बुधवारी संपत होती. "टाकायचंच हाय तर पोरीनं तुमाला टाकलं पायजे. सगळ्यांसमोर. तुमची नाचक्की होईल."

"होऊ दे," मी म्हटलं.

"आन् तू बोलायचं नाय. वाडीची हद्द लागल्यापासून हद्द सुटेपर्यंत. एक शबुद नाय."

ही अट ऐकून मात्र मला शंका आली, की जमेल का.

शुक्रवारी मामांनी रजा टाकली. लावणी-कापणी सोडून त्यांनी घेतलेली मला माहीत असलेली ती एकच रजा. एसटीने एकटे कुडपणला जाऊन आले. शनिवारी खिडकीशी मी विचारलं, "अंकिता भेटली?"

"भेटली. विचारत होती, काकी वर्षभर मला सून म्हणून बघायलाच येत होत्या काय?"

मी बोट न लावताच आत गेले. त्या दिवशी माझी गैरहजेरी लागली. चार ड्रमांवर लेबलं उलटी चिकटवली, ती सोमवारी सुपरवायझरने दाखवली.

रविवारी आम्ही पुन्हा वर गेलो. तीच गाडी, तेच तिघं, आणि मागे माझ्या शेजारी छत्री धरून मामा. संदेशला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे मला नकार घ्यायला इस्त्रीचा शर्ट घालून जायचं?" मी म्हटलं, "हो." बिचाऱ्याने घातला.

ओटीवर गर्दी. काका मध्यभागी. त्यांनी याद्या, हॉल, जेवणावळ असं सुरू केलं. मामांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "आधी पोरीला विचारा."

"तिला काय विचारायचं?" काका म्हणाले. "कुंकू लागलंय."

"पोराला विचारलंत ना? मग तिलाबी विचारा. दोघांची हजेरी लागते."

वडील आत बघू लागले. अंकिता दाराशी आली. तिने काय म्हणायचं ते मामांनी तिला शुक्रवारी सांगून ठेवलं होतं: मुलगा पसंत नाही. तीन शब्द. पण ती उभीच. एकदा संदेशकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. इथे मी काय सोसलं ते मलाच ठाऊक. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, बोल अंकिता, जिद्द पाहिजे, वगैरे. आमच्या ह्यांनी एसटीचा ब्रेक दाबावा तसा माझा पाय दाबून धरला होता.

"मला लगीन करायचं नाय," अंकिता म्हणाली. "मला केमिकलचा डिप्लोमा करायचा हाय. फॉर्म भरलाय. बुधवारी कागद दाखवायचेत."

काका उसळले. "अगो, स्थळ हातचं जाईल! पोरात काय वाईट हाय ते तरी सांग."

"पोरात काय वाईट नाय." ती थांबली. मग माझ्याकडे बघून, मान वर करून म्हणाली, "पण काकी सासू म्हणून नकोत. वर्षभर मी दर रविवारी दोन तास ऐकलंय. दोन तास बरं वाटतं. जन्मभर कसं ऐकू?"

मग कोपऱ्यातली एक म्हातारी, जिला मागच्या खेपेला मी कळंबाची फांदी समजावून दिली होती, ती म्हणाली, "खरं बोलली गो बाय!" आणि ओटी हसायला लागली. बायका पदर तोंडाला लावून, पुरुष मांडीवर थापा मारून. वडील हसले. संदेश हसला. आमचे हे तर इतके हसले की पाय सुटला माझा. काका शेवटपर्यंत हसू धरून होते, पण चहाचा घोट उलटा गेला आणि तेही हसले. वाडीभर झालं, पोरीने सासू नाकारली. तिच्या नावाला काही लागलं नाही.

मी बोलले नाही. जांभळ्या साडीत, पेढ्यांशिवाय, हात मांडीवर ठेवून बसले होते.

हसू ओसरल्यावर वडिलांनी अंकिताला विचारलं, राहशील कुठे. तिने सांगितलं. जेवण? सांगितलं. दोन वर्षांनी काय? तेही तिने सांगितलं, कुठल्या कुठल्या कारखान्यांत लॅबमध्ये मुली घेतात, ते नावांसकट. एवढं सलग बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. कुठून ऐकणार? वडील उठून आत गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद घेऊन बाहेर आले.

उतरताना हद्द सुटल्यावरसुद्धा मी बराच वेळ गप्प होते. संदेशनेच विचारलं, "आई, नकार मला आला का तुला?"

"मला."

"मग ऑफिसात तसं सांगू?"

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

अंकिताचा प्रवेश झाला. रविवारही पुन्हा सुरू झाले. पहिल्याच रविवारी मी तिची माफी मागितली, चक्क दोन वाक्यांत. ती म्हणाली, "काकी, त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत, मला वाटलं तुम्हाला बरं नाय." मग तीच जास्त बोलायला लागली. आमच्या ड्रमांवर काय लिहिलेलं असतं ते तिने मला शिकवलं. बावीस वर्षं मी ती लेबलं चिकटवत होते, आणि त्यातल्या एका मालाचा आपण खातो त्या औषधाशी संबंध असतो, हे मला त्या पोरीने सांगितलं.

पुढच्या वर्षी मामा रिटायर झाले. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी लावणीच्या आठवड्यात घ्यायला लावला, म्हणजे त्यांना येता येणार नाही. माणसं जमवायचं काम माझ्याकडे आलं. माझी पद्धत त्यांच्यासारखी नाही. मी समजावून सांगते. अर्धी माणसं मी समजावत असतानाच हो म्हणतात, सुटका व्हावी म्हणून, आणि त्यातलीही निम्मी टिकतात. मामांना कापड्याला जाऊन हे सांगितलं तर म्हणाले, "चालेल. तुजी वेगळी रीत." नंतर दोन वर्षांतच, कापणी झाल्यावर, खळ्यात बसल्या जागी ते गेले. लोक म्हणाले, सुखाचं मरण. मला मात्र वाटलं, माणसाने निदान निरोपाच्या कार्यक्रमाला यायचं होतं.

अंकिताला गुजरातेत नोकरी लागली, एका मोठ्या कारखान्याच्या लॅबमध्ये. ती गेली त्या दिवशी महाडच्या स्टँडवर तिचे वडील कुडपणहून आले होते. गाडी सुटली, वळणाआड गेली, तरी ते त्याच दिशेला बघत उभे. पोलादपूरच्या गाडीला पाऊण तास होता. मी बाकावर बसले, तेही बसले.

मग म्हणाले, "मामा आज पायजे होते."

मी मान हलवली.

"त्या वेळी शुक्रवारी आले ना ते, पैले माज्याकडंच आले. सगळं सांगितलं. म्हणाले, पोरीच्या बापाला फसवून मी काय करणार नाय. पन तुला पोरगी काय म्हणते ते ऐकायचं असंल तर रविवारी काय ठाऊक नाय असा बस."

म्हणजे आमचं नाटक बापालाही ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, मुलाला, आमच्या ह्यांना ठाऊक होतं. आणि बापाला काहीच ठाऊक नाही असं समजून, तोंडातली वाफ कोंडून धरून त्या ओटीवर बसलेली मी.

"मला का नाही सांगितलं?"

ते ओशाळले. "म्हणाले, तिला सांगू नको. ती गाडीत बसायच्या आधी महाडभर करंल."

खरं होतं. मी केलं असतं.

"पन ते सासूचं," ते घाईने म्हणाले, "ते त्यांनी सांगितलेलं नव्हतं हां. ते तिचं तिनंच."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "मामांना एवढं लांब बोलता यायचं नाही."

ते हसायला लागले, आणि हसता हसता टोपी काढून डोळ्यांना लावली. पाठीवर हात ठेवायचा तर परका माणूस. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या बाजूला ठेवली. पोलादपूरची गाडी लागेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून होतो.